कापलेला श्वास

फोन ठेवून तोयामा-सान म्हणाले, "पाहुणे येताहेत, नलावडे-सान. स्टोव्हवाल्यांचं गाणं ऐकायचंय त्यांना. चहाचं बघता का?"

"कोण पाहुणे?"

"उत्तरेकडून आलेत, अकिताहून. एक गृहस्थ आणि त्यांच्या सासूबाई. त्या गृहस्थांची बायको काही वर्षांपूर्वी घरातून निघून गेली, ती सापडलीच नाही. टीव्हीवर हा आवाज ऐकला आणि त्यांना वाटलं, ही तीच. पण खात्री होईना, म्हणून सासूबाईंना घेऊन आलेत. आई आवाज ओळखेल ना." तोयामा-सान बोलता बोलता कोट चढवत होते. "गायिकेचं नाव मी सांगणार नाही, तसा शब्द दिलाय. पण एवढ्या लांबून आलेल्या म्हातारीला टेपही ऐकवायची नाही म्हणजे फारच झालं. तीन वाजता येतील."

पावणेतीन झाले होते. मी काचेपलीकडे पाहिलं. गाण्याच्या खोलीत त्या टेपवरची गायिका, हागिनो-सान, पुढच्या गाण्याच्या कागदावर पेन्सिलीने खुणा करत बसली होती. तिला आमचं काही ऐकू गेलं नव्हतं. ती खोली त्यासाठीच बांधलेली असते.

मी खिडकीशी गेले. समोरच्या फुटपाथवर टेलिफोनची काचेची खोली होती. तिच्या बाहेर राखी ओव्हरकोटातला एक माणूस दोन्ही हातांत मिटलेली छत्री धरून उभा होता. शेजारी एक ठेंगणी म्हातारी, छातीशी कापडात बांधलेला खोका. तो वर बघत नव्हता, मनगटावरचं घड्याळ बघत होता. तीनची वेळ दिली म्हणजे तीन, त्याआधी दार वाजवणं तिकडे असभ्यपणाचं. जपानी शिष्टाचाराने मला आयुष्यात पुष्कळ छळलं, पण त्या दुपारी त्याने आम्हाला पाव तास दिला. तेवढ्यासाठी मी त्याला बाकीचं सगळं माफ केलं आहे.

मी मूळची इचलकरंजीची. वडिलांचा लग्ना-वरातींना लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता, त्यामुळे माझे कान लहानपणीच कामाला लागले. पुण्यात जपानी शिकले, शिष्यवृत्ती मिळवली, ओसाकात ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम केला आणि तोयामा-सानच्या स्टुडिओत मदतनीस म्हणून चिकटले. जुन्या इमारतीचा तिसरा मजला, दोन खोल्या आणि मधे जाड दुहेरी काच. काम बहुतेक जाहिरातींचं.

आपल्याकडे तेव्हा टीव्हीवर साबण विकायचा तर कुणीतरी धबधब्याखाली उड्या मारायचं. तिकडे स्टोव्ह विकायला लोकांना रडवत. तीस सेकंद, त्यात संथ, काळजाला हात घालणारं गाणं, बर्फ, रेल्वेचा फलाट, वाट बघणारा बाप, आणि अगदी शेवटी कोपऱ्यात स्टोव्ह. लोक स्टोव्ह विसरत आणि गाणं धरून ठेवत. बायका भांडी विसळताना तेवढेच तीस सेकंद पुन्हा पुन्हा गुणगुणत, कारण पुढचं गाणं कुणी लिहिलेलंच नसे. जाहिरात चालली तरच उरलेलं गाणं लिहायचं, अशी तिकडची पद्धत.

आणखी एक पद्धत होती. मोठी गायिका यायच्या आधी तिला चाल कळावी म्हणून कुणी साधी बाई ते गाणं गाऊन ठेवते. त्याला कारी-उता म्हणतात, म्हणजे तात्पुरतं गाणं. मोठी बाई ते ऐकते, तसं गाते, मग तात्पुरती टेप पुसून टाकतात. हागिनो-सान हेच काम करायची. तिच्यासारखा गळा असलेली बाई पुसून टाकायची गाणी का गाते, असं मी तिला एकदा विचारलं होतं.

"पुसून टाकतात म्हणूनच," ती म्हणाली होती.

त्या वर्षी दिग्दर्शकाचं डोकं फिरलं. त्याला मोठ्या बाईंपेक्षा तात्पुरता आवाजच आवडला आणि त्याने कुणाला न विचारता तोच लावला. वर शक्कल अशी की पडद्यावर गायिकेचं नाव द्यायचं नाही, लोकांना कोडं पडू दे. लोकांना कोडं पडलं. 'दिवा लावून ठेवला आहे, उशीर झाला तरी ये' एवढाच त्या गाण्याचा जीव, पण थंडी सुरू झाली तशी ते घराघरात वाजायला लागलं. स्टोव्ह कंपनीत फोनांची रीघ लागली. आणि हागिनो-सान, जिचा आवाज साऱ्या देशाला आवडला होता, ती रस्त्याने तोंडावर मास्क लावून चालायला लागली.

मी गाण्याच्या खोलीचं दार उघडलं. "हागिनो-सान, खाली एक माणूस उभा आहे. अकिताचा. स्टोव्हचं गाणं ऐकायला आलाय."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "राखी कोट?"

"हो."

"छत्री दोन्ही हातांत?"

"हो. बरोबर एक म्हातारी आहे."

ती उठली होती ती पुन्हा बसली. "आई," ती म्हणाली.

इमारतीला जिना एक, लिफ्ट एक, आणि दोन्ही त्याच दारात उतरत होते ज्याच्या समोर तो उभा होता. मी म्हटलं, "पोलिसांना बोलवू?"

"मी गेले होते पोलिसांत, तिकडे असताना. त्यांनी त्यालाच फोन केला. घरगुती मामला, म्हणाले. तो मला न्यायला आला, येताना चौकीसाठी मिठाईचा खोका घेऊन. सगळ्यांना वाकून नमस्कार केला. ते मला म्हणाले, नशीबवान आहात."

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. त्याबद्दल मी कधी विचारलं नव्हतं, पण दुसरी गोष्ट तिने एका हिवाळ्यात आपणहून सांगितली होती. तिला लहानपणापासून दमा. श्वास घेताना घशात अगदी बारीक अडकतं, दार किलकिलं करताना बिजागरी कुरकुरते तेवढंच. झोपेत तो आवाज ऐकून नवऱ्याला राग यायचा. तो ओरडत नसे. शांतपणे उठायचा आणि तिच्या तोंडावर उशी ठेवायचा, तो आवाज बंद होईपर्यंत. मग पुन्हा झोपायचा. एकदा ती तशीच मेली असती, म्हणून ती घर सोडून, नाव बदलून हागिनो झाली होती.

"माझ्या गाण्यावरून तो ओळखणार नाही," ती आता म्हणाली. "घरात मी कधी गात नव्हते. पण 'तरी' आणि 'ये' यांच्या मधे मी श्वास घेते. त्याला तो ऐकू आलाय."

मला माहीत होतं. तो श्वास मूळ टेपमध्ये फार स्पष्ट आला होता. तोयामा-सान काढून टाका म्हणत होते आणि मीच हट्टाने ठेवायला लावला होता, कारण त्या अडखळीमुळेच 'ये' खरं वाटत होतं.

"तुम्ही इथेच थांबा," मी म्हटलं. "दिवा मालवते. इथे अंधार आणि तिकडे उजेड असला की तिकडून या काचेत फक्त आरसा दिसतो."

मी बाहेर आले आणि कपाटातून टेप काढली. नुसत्या गळ्याची टेप, वाद्यांशिवाय. यंत्रावर चढवली, हाताने पुढेमागे फिरवत ती जागा शोधली, पांढऱ्या पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आणि ब्लेड लावलं. श्वास म्हणजे तपकिरी टेपचा एक तुकडा, साधारण वीतभर. दोन टोकं चिकटपट्टीने जोडली. जोड चांगला जमला. तुकडा फेकवेना, म्हणून टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवला.

तोयामा-सान हे सगळं बघत होते. त्यांनी अंधाऱ्या काचेकडे पाहिलं, टेपच्या तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. भिंतीवरचं बटण दाबून गाण्याच्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा लावला. तो दिवा लागला की ते दार उघडायचं नाही, हा नियम स्टुडिओत मालकालाही मोडता येत नाही.

तीन वाजता घंटी वाजली.

कुसाकाबे-सान, म्हणजे तो नवरा, देखणा माणूस होता. बँकेत अधिकारी. दारात बूट काढले ते टोकं बाहेर करून नीट जोडून ठेवले, मग सासूचेही ठेवले. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी दिलं. माझं कार्ड घेऊन माझं नाव हळूहळू वाचलं आणि भारतातून इतक्या लांब येऊन काम करता, कौतुक आहे, असं म्हणाला. सासूच्या हातातला खोका घेऊन त्याने तोयामा-सानना दिला. आत मिठाई होती. मला चौकीतला खोका आठवला.

म्हातारीने वाकून नमस्कार केला आणि दाखवलेल्या खुर्चीच्या कडेवर बसली. चेहरा उन्हावाऱ्याने रापलेला, डोक्याला रुमाल.

"माझी बायको सुमिए," कुसाकाबे-सान म्हणाला. "गेली त्या दिवसापासून मी पोर्चमधला दिवा रात्रभर चालू ठेवतो. शेजारी सांगतील. आणि परवा टीव्हीवर ऐकलं, दिवा लावून ठेवला आहे. मला वाटलं, ती मलाच सांगतेय. तुम्ही हसाल."

"नाही, नाही," तोयामा-सान म्हणाले.

"पण मला संगीतातलं कळत नाही. मी फक्त एक आवाज ओळखला. आई मात्र नक्की सांगतील. त्यांनीच तिला लहानपणी गायला शिकवलं. हो ना, आई?"

म्हातारीने मान हलवली.

मी टेप सुरू करणार इतक्यात माझं लक्ष समोरच्या, माईकमधला आवाज मोजणाऱ्या काट्यांकडे गेलं. माझे वडील हाताखालच्या पोरांना नेहमी सांगायचे, माईक बंद आहे असं कधीच समजू नका. गाण्याच्या खोलीतला माईक चालूच राहिला होता. स्पीकरमधून काही ऐकू येत नव्हतं, पण त्या माईकचा काटा एकदम उसळला आणि खाली आला. मग पुन्हा. आत अंधारात ती खोकत होती.

कुसाकाबे-सान तोयामा-सानशी बोलत होता. मी मिठाईचा खोका उचलला आणि काट्यासमोर उभा ठेवला, जणू जागा करायचीच होती. मान वळवली तर म्हातारी माझ्याकडे बघत होती. आधी माझ्या हाताकडे, मग खोक्याकडे. खोक्याच्या कडेवरून काट्याचं टोक अजून दिसत होतं. ते उसळलं. म्हातारीने ते पाहिलं, मग काळ्या काचेकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता सगळं संपलं.

"जावई," ती म्हणाली. तिची बोली पार उत्तरेकडची, ओसाकाच्या लोकांनाही अर्धीच कळावी अशी. मराठीत आणायची तर मला आमच्या कागलकडच्या बायकाच आठवतात, म्हणून तशीच लिहिते. "मला हितं नीट ऐकू यायचं न्हाई. जरा तिकडं सरकू द्या."

आणि तिने खुर्ची उचलून काचेसमोर मांडली. तिच्या पाठीआड टेबलाचा तो भाग झाकला गेला. काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसत असणार. तिने डोक्याचा रुमाल सोडला, केस बोटांनी सारखे केले आणि हात मांडीवर ठेवले.

मी टेप लावली. वाद्यांशिवाय तो गळा खोलीत आला. दिवा लावून ठेवला आहे, उशीर झाला तरी ये. मधे काही नाही, 'तरी'ला लागूनच 'ये'.

कुसाकाबे-सानच्या कपाळावर आठी पडली. "टीव्हीवर असं नाही. तिथे मधे एक श्वास आहे."

"जाहिरातीत बर्फातला वारा आहे ना," मी म्हटलं. "तो आवाज नंतर मिसळतात. तो असेल." माझी जपानी त्या दिवशी कधी नव्हती इतकी शुद्ध निघाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, हसून. "वारा," तो म्हणाला. मग सासूकडे वळला. "आई?"

"पुन्यांदा लावा," म्हातारी म्हणाली.

मी पुन्हा लावली. या वेळी मी टेपकडे बघत नव्हते, म्हातारीकडे बघत होते. काचेत तिचं प्रतिबिंब होतं. 'उशीर झाला तरी' आलं, आणि माझा जोड यंत्रावरून सरकला त्याच क्षणी तिचा ऊर वर आला, तोंड किंचित उघडलं आणि तिने श्वास घेतला. मी कापलेला श्वास तिने घेतला. अगदी त्या जागी, तेवढाच लांब. मग 'ये' आलं.

तिला आवाज कुणाचा ते कळलं होतं, तिथे काय होतं तेही कळलं होतं, आणि मी काय केलंय तेही. आता ती काय बोलते त्यावर आत बसलेल्या बाईचा जीव होता.

"न्हाई," म्हातारी म्हणाली. "ही माझी लेक न्हवं."

"नीट ऐका, आई."

"नीटच ऐकलं. माझ्या लेकीला दमा. येवढी ओळ एका दमात तिला कवाच म्हनता आली न्हाई, मधी थांबायचीच. हिनं बगा, कशी सरळ म्हटली. हिची छाती धडधाकट हाय." ती काचेकडेच बघत बोलत होती. "आवाज ग्वाड हाय. पन माझ्या लेकीचा न्हवं. माझी लेक असती तर मी सांगितलं नसतं व्हय?"

कुसाकाबे-सान उभा राहिला. त्याने लाल दिव्याकडे पाहिलं. "त्या खोलीत बघितलं तर चालेल?"

"क्षमा करा," तोयामा-सान कमरेत वाकले ते वाकलेलेच राहिले. "आत माईक लावून ठेवलेत. दिवा असताना मीही जात नाही."

तो दाराकडे बघत राहिला. पोलिसांना, शेजाऱ्यांना, बँकेला, सगळ्यांना शोभेल असं वागण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. परक्याच्या घरचा नियम सगळ्यांदेखत मोडणं त्याला जमलं नाही. त्यानेही कमरेत वाकून नमस्कार केला. त्रास दिला, म्हणाला.

मी त्यांना पोहोचवायला दारापर्यंत गेले. तो लिफ्टचं बटण दाबून उभा होता. म्हातारी बूट चढवत होती आणि तिने आधाराला माझं मनगट धरलं. पकड इतकी घट्ट की बोटं रुतली.

"तू लांबची पोर," ती म्हणाली. "हितं थंडी लई. निजताना छातीला फलालीनचं फडकं बांधत जा. आन आईक, या दिसांत छाती जपावी. कुनी कायबी कळवू दे, कसलाबी सांगावा येऊ दे, घराबाहीर पडायचं न्हाई. पडायचंच न्हाई. कळलं का?"

"हो, आजी," मी म्हटलं.

"आई सगळ्यांना असंच सांगतात," कुसाकाबे-सान हसून म्हणाला आणि लिफ्टचं दार त्यांच्यावर मिटलं.

खिडकीतून ते रस्ता ओलांडून कोपऱ्यापलीकडे जाईपर्यंत मी थांबले. मग लाल दिवा बंद केला आणि दार उघडलं. हागिनो-सान काचेला लागून जमिनीवर बसली होती. स्वेटरची बाही तोंडात कोंबलेली, घामाने निथळत होती. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी तिला औषधाचा फवारा दिला. दोनदा घेतला तेव्हा कुठे बोलता आलं.

"ती माझ्याकडे बघत होती," ती म्हणाली. "एवढ्या जवळ. म्हातारी झाली हो. तिला मी दिसले?"

"नाही. तिला फक्त काच दिसत होती."

"मला तिचा आवाज आला नाही. काय म्हणाली?"

"ही माझी लेक नाही, म्हणाली."

हागिनो-सानने मान हलवली. हे तिला अपेक्षित असावं. मी तिला श्वासाचं सांगितलं. तिने दोन्ही हात छातीवर घट्ट धरले, पण रडली नाही.

"अजून?"

"अजून काही नाही. जाताना मला छाती जपायला सांगितलं. छातीला फलालीनचं फडकं बांध म्हणाली. मला आयुष्यात खोकला झाला नाही, पण म्हाताऱ्या माणसांचं असतंच."

"नीट सांगा. तिचे शब्द सांगा."

मी सांगितले, जसेच्या तसे. कुणी काहीही कळवू दे, कसलाही सांगावा येऊ दे, घराबाहेर पडायचं नाही.

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं, आणि सांगता सांगताच कळलं की ते वाक्य मला उद्देशून नव्हतंच. थंडीतल्या खोकल्यासाठी कुणी असं मनगट धरत नाही.

"कसलाही सांगावा," ती म्हणाली. "म्हणजे ती मेली तरी."

ती उठून बाहेरच्या खोलीत आली. तिने टेबलाच्या कडेला चिकटवलेला तुकडा काढला, उजेडात धरून पाहिला आणि बोटाला गुंडाळून खिशात ठेवला. नुसत्या टेपवर काही दिसत नाही.

पुढच्या आठवड्यापासून जाहिरातीत तो श्वास नव्हता. टेपमध्ये खरखर सापडली असं तोयामा-साननी जाहिरात कंपनीला सांगितलं आणि दुसरी प्रत पाठवली. कुणाच्या लक्षात आलं नाही. उन्हाळ्यात मोठ्या बाईंनी पूर्ण गाणं गायलं, ते गाजलं, आणि आज आठवणीतल्या जाहिरातींच्या कार्यक्रमात ते त्यांच्याच नावाने लावतात. अकिताच्या त्या घरात म्हातारीने पहिला आवाज किती संध्याकाळी ऐकला असेल, आणि श्वास गेला त्या संध्याकाळी तिला काय वाटलं असेल, हा विचार मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

हागिनो-सान शहर सोडून गेली. कुठे ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अधूनमधून सार्वजनिक फोनवरून स्टुडिओत फोन करायची, हवापाण्याचं बोलायची.

कुसाकाबे-सान मात्र आम्हाला विसरला नाही. नव्या वर्षाला त्याचं शुभेच्छा कार्ड न चुकता यायचं, तोयामा-सानना एक, मला एक, सुंदर अक्षरात. त्याने धागा सोडला नव्हता. एका डिसेंबरात शुभेच्छा कार्डाऐवजी काळ्या कडेचं कार्ड आलं. घरात मृत्यू झाला की ज्यांना शुभेच्छा पाठवायच्या त्यांना तसं कळवतात. सासूबाई वारल्या, म्हणून यंदा शुभेच्छा नाहीत. खाली शाईने लिहिलं होतं, एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी, म्हणजे आपल्या तेराव्यासारखा, अमक्या तारखेला गावच्या देवळात आहे, कुणाला यायचं असल्यास. हे खरं की सापळा, ते कार्डावरून कळायला मार्ग नव्हता.

तारखेच्या आधी तिचा फोन आला. सांगावं की नाही हे ठरवण्यात माझी रात्र गेलेली होती, पण तिचा आवाज ऐकल्यावर लपवणं जमलं नाही. मी कार्ड वाचून दाखवलं. खालची ओळसुद्धा.

"खरं असेल?" तिने विचारलं.

"माहीत नाही. मी जाऊन बघून येऊ का?"

मग मला तो श्वास ऐकू आला, मधेच बारीक अडकलेला, मी कापून काढला होता तसाच.

"नको," ती म्हणाली. "थंडी फार आहे, नलावडे-सान. मी घराबाहेर पडत नाही."